पेण-रोहा लाइनवरचं माझं वाचनवर्ष

यंदा एकच नेम धरला होता: आपल्या भागातल्या माणसांचंच वाचायचं. जागा ठरलेली, रोह्याची गाडी. पेण सुटलं की कासू, नागोठणे, निडी, की आलं रोहा. मोठं प्रकरण तेवढ्यात संपत नाही, पण रोज थोडं होतंच.

सुरुवात विनोबांपासून. जन्म १८९५ चा, पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. ‘गीता प्रवचने’ धुळ्याच्या तुरुंगात झाली. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, एकूण १८. उतरवून घेतली साने गुरुजींनी. म्हणून मीही आठवड्याला एकच प्रवचन वाचलं. भराभर उरकण्यापेक्षा हे फार बरं. ती बोललेली भाषा आहे, तिला उसंत लागते. मग ओघानंच ‘श्यामची आई’ पुन्हा हातात आली. तीही तुरुंगातलीच, नाशिकच्या, १९३३ ची. (तुरुंगांनी मराठीवर केवढे उपकार केलेत!)

रोह्याकडून सी. डी. देशमुख. बालपण रोह्यात, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे. ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’ हे त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र मला जरा कोरडंच वाटलं. पण याच माणसानं ‘मेघदूत’ मराठीत आणलंय, हे किती जणांना ठाऊक आहे? पुढच्या वर्षी पहिलं तेच.

पेण-रोह्याची आणखी नावं सुचवा. कथा-कादंबरी असेल तर उत्तम, माझी यादी फारच गंभीर झालीये!