सोलरच्या प्लेटांनी शिवार तापतं का?

सौर प्रकल्पाला जागा द्यायचा विषय ग्रामसभेत निघाला की एक शंका हमखास येते : "एवढ्या प्लेटा बसल्यावर शेजारच्या रानाला आच लागणार नाही का?" ही शंका अडाणीपणाची नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, टूसॉन शहराजवळच्या वाळवंटात शास्त्रज्ञांनी हेच प्रत्यक्ष मोजलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या मोजणीत प्रकल्पातली हवा रात्री मोकळ्या वाळवंटापेक्षा ३ ते ४ अंश सेल्सिअसनं जास्त गरम भरली.

कारण समजून घ्या. प्लेट काळी. तिच्यावर पडलेल्या उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा वीज होतो, बाकीची बहुतेक उष्णताच. त्यात प्रकल्प उभारताना झुडपं, गवत काढून टाकतात. पानांतून पाणी उडून मिळणारा गारवा गेला. रात्री जमिनीची धग आभाळाकडे निघून जायची, तिला प्लेटांचं छप्पर आडवं येतं. उन्हाळ्यात आपण बाज अंगणात टाकतो ती उगाच नाही.

पण सगळीकडे असंच होतं असं धरू नका. त्याच राज्यात रेड रॉक इथल्या मोजणीत (२०१९) दिवसा सुमारे १.३ अंश वाढ दिसली, रात्री फरक नाही. कॅनडातल्या एका मोठ्या प्रकल्पाच्या २०१३ सालच्या अभ्यासात कुंपणापासून ३०० मीटरवर हवा जवळपास नेहमीसारखी झाली होती. अर्थात कॅनडा म्हणजे वाळवंट नव्हे.

खरी गंमत पुढं आहे. टूसॉनची मोजणी करणारे ग्रेग बॅरन-गॅफर्ड यांनी नंतर प्लेटा उंच बसवून त्यांच्या सावलीत भाजीपाला लावून बघितला. २०१९ च्या निष्कर्षांनुसार चेरी टोमॅटोचं उत्पादन उघड्या रानाच्या दुप्पट आलं, तर चिल्टेपिन नावाच्या बारक्या रानमिरचीचं तिप्पट. पाणी दिल्यावर ओलही जास्त टिकली. आणि खालच्या पिकामुळं प्लेटा दिवसा सुमारे ९ अंशांनी थंड राहिल्या. प्लेट थंड असली की वीज जास्त देते, म्हणजे कंपनीचाही फायदाच.

तेव्हा मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जागा देताना नुसता भाड्याचा आकडा बघू नका. प्लेटा जमिनीपासून किती उंच, खाली गवत राखणार की तणनाशक मारून रान उघडं पाडणार, धुवायचं पाणी कुठनं आणणार, आणि शेजाऱ्याची बाग कुंपणाला लागून असेल तर मधे किती जागा सोडणार, हे करारात लिहून घ्या. गायरान द्यायचं असेल तर सरपंचांनी हेच मुद्दे ठरावात घालावेत.