फुप्फुस कर्करोग : प्रारण चिकित्सेपूर्वीची अवस्थानिश्चिती

फुप्फुसातील मारक अर्बुदाचा आकार, लसीका ग्रंथींतील त्याचा शिरकाव आणि शरीरात इतरत्र झालेला प्रसार यांवरून रोगाची पायरी ठरविण्याच्या क्रियेस अवस्थानिश्चिती म्हणतात. तीसाठी जगभर वापरण्यात येणाऱ्या टी-एन-एम पद्धतीचा पाया प्येअर दन्वा या फ्रेंच शस्त्रक्रियाविशारदांनी १९४३–५२ या काळात घातला. अर्बुद ४ सेंमी.हून मोठे नसणे, ते शेजारच्या इंद्रियांत घुसलेले नसणे आणि लसीका ग्रंथी निर्दोष असणे, ही सामान्यतः पहिली अवस्था होय.

या अवस्थेत रोगग्रस्त खंड काढून टाकणे हा प्रस्थापित उपाय आहे. श्वसनक्षमता खालावलेल्या रुग्णांस मात्र लक्ष्यवेधी प्रारण चिकित्सा देतात. तीत मोठ्या मात्रा थोड्याच बैठकींत, उदा., ५४ ग्रे ३ बैठकींत, अर्बुदावर केंद्रित करतात. अवस्थानिश्चितीचे खरे महत्त्व येथेच आहे. शस्त्रक्रियेत लसीका ग्रंथीही काढून तपासल्या जात असल्याने आधीच्या अनुमानातील चूक उघडकीस येते. प्रारणांचा झोत मात्र अर्बुद व भोवतीचे काही मिमी. क्षेत्र यांपुरताच असतो. ग्रंथीतील न ओळखलेला कर्क उपचाराविना राहतो.

संगणकीय छेददर्शनात ग्रंथीचा केवळ आकार कळतो. पॉझिट्रॉन चित्रणात ग्लुकोजसदृश किरणोत्सर्गी द्रव्य शोषणाऱ्या ग्रंथी उजळ दिसतात. परंतु क्षयरोगाने सुजलेल्या ग्रंथीही तशाच उजळतात. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या भारतात म्हणूनच केवळ चित्रावरून ग्रंथी कर्कग्रस्त ठरविणे व रुग्णास बऱ्या होऊ शकणाऱ्या उपचारापासून वंचित ठेवणे धोक्याचे आहे. उलट, काही मिमी. आकाराचा कर्क चित्रात दिसतही नाही. संशयित ग्रंथीतील ऊतकाची तपासणी त्यामुळे आवश्यक ठरते. पूर्वी त्यासाठी मानेच्या तळाशी छेद घेऊन मध्यावकाश तपासीत (कार्लेन्स, १९५९); हल्ली श्वासनलिकेत घातलेल्या नळीतून, श्राव्यातीत ध्वनिचित्राच्या आधारे, ग्रंथीत सुई घालतात. दुबळ्या फुप्फुसांच्या रुग्णास ही रीत अधिक सोसते. अर्बुद ३ सेंमी.पर्यंतचे व परिघाकडील असून दोन्ही चित्रणांत ग्रंथी निर्दोष असल्यास ही तपासणी बहुधा वगळतात.

अर्बुदाचे स्थानही याच वेळी पाहावे लागते. मुख्य श्वासनलिकांपासून २ सेंमी.च्या आतील अर्बुदांवर ३ बैठकींतील तीव्र मात्रा दिल्यास गंभीर इजा होत असल्याचे २००६ मध्ये दिसून आले. तेथे मात्रा अधिक बैठकींत विभागून देतात.