नाताळची सुटी आणि घरचें ताट

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला कीं वर्गांतील मुलांचें लक्ष फळ्यावरून खिडकीबाहेर जाऊं लागतें. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं हात बगलेंत दडलेले असतात, आणि वसतिगृहांतील मुलें आठ दिवस आधींच आपल्या ट्रंका आवरूं लागतात. अशा दिवसांत बीजगणिताचें समीकरण नीट सुटत नाहीं, असा आमचा आजवरचा अनुभव आहे; आणि खरें सांगावयाचें तर त्याबद्दल मुलांस फारसा दोष देतां येत नाहीं.

गतवर्षीं अशाच एका दिवशीं तास संपल्यावर आठवीच्या वर्गांतील एक ख्रिस्ती विद्यार्थी आमच्याजवळ घुटमळत उभा राहिला. "सर, माझे सोबती म्हणतात कीं तुमच्या नाताळच्या करंज्या म्हणजे आमच्या दिवाळीच्या करंज्यांची नक्कल. मग आमचें स्वतःचें असें काय आहे?" असें त्यानें विचारलें. आम्ही घाईंत होतों. "अरे, खाण्यांत काय ठेवलें आहे! सणाचा अर्थ महत्त्वाचा," असें म्हणून आम्हीं त्याची बोळवण केली. तो खालीं मान घालून गेला. पुढें विचार करितां आमचें उत्तर आम्हांसच पोकळ वाटलें. मुलाचा प्रश्न करंजीचा नव्हता. आपण या भूमींत घरचे आहोंत कीं पाहुणे, असा तो प्रश्न होता. तें राहिलेलें उत्तर आज येथें देत आहों.

प्रथम नांवाचाच विचार करूं. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आपल्याकडे आला, आणि त्याचें मूळ लॅटिनमधील जन्मवाचक शब्दांत आहे. प्रभु येशूचा जन्म कोणत्या तिथीस झाला हें शुभवर्तमानांत सांगितलेलें नाहीं. रोम येथें इ. स. ३५४ मध्यें तयार झालेल्या एका पंचांगांत २५ डिसेंबर ही जन्माची तारीख आढळते, आणि पश्चिमेकडील मंडळ्यांत तीच रूढ झाली. पूर्वेकडील कांहीं मंडळ्या जुन्या कालगणनेप्रमाणें चालत असल्यामुळें त्यांचा नाताळ ७ जानेवारीस येतो. म्हणजे नांव एका देशाचें, तारीख दुसऱ्या देशाची, आणि ज्याचा जन्म झाला तो तिसऱ्याच देशांतील एका लहानशा गांवांत गाईगुरांच्या गव्हाणींत निजलेला. ज्या सणाचा पायाच असा अनेक देशांत पसरलेला आहे, त्याच्या ताटांतील अमुक पदार्थ उसना असें म्हणणें कितपत योग्य होईल?

आतां ऋतूकडे वळूं. पृथ्वीचा आंस सुमारें साडेतेवीस अंशांनीं कललेला असल्यामुळें २१ किंवा २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य मकरवृत्तावर येतो व उत्तर गोलार्धांत वर्षांतील सर्वांत लहान दिवस होतो. महाराष्ट्रांत त्या दिवशीं सुमारें ११ तास ऊन मिळतें. लंडन शहरांत मात्र जेमतेम ८ तास. तेथें बागा उघड्या पडतात व ताजें फळ मिळणें पूर्वीं दुर्मिळ असे. म्हणून उष्ण देशांतून आलेले मनुके, वाळविलेलीं फळें आणि मसाले यांचा केक तेथील गृहिणी करूं लागल्या. आपल्याकडे याच दिवसांत काय असतें? उसाचीं गुऱ्हाळें सुरू होऊन नवा गूळ आलेला असतो. तीळ आणि भुईमूग घरांत येऊन पडलेले असतात. पेरू, बोरें, हरभऱ्याचे डहाळे बाजारांत दिसूं लागतात. इंग्रज बाईनें आपल्या फडताळांत होतें त्याचा केक केला आणि मराठी बाईनें आपल्या डब्यांत होतें त्याची करंजी केली. दिवाळी व नाताळ यांचा फराळ सारखा दिसतो याचें कारण नक्कल हें नव्हे. दोन्ही घरांतील चूल, कोठार आणि आजीचा हात हीं एकाच मातीचीं आहेत, हें त्याचें कारण होय.

या फराळांत केवढें शास्त्र भरलेलें आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं सुटींत स्वयंपाकघरांत बसून पाहावें. चकलीच्या भाजणींत कडकडीत तेलाचें मोहन घालतात तें कां? तें तेल पिठाच्या कणांभोंवतीं पातळ वेष्टण करितें, त्यामुळें कण पाण्याशीं मिळून चिवट होत नाहींत व चकली खुसखुशीत होते. मोहन कमी पडलें तर ती दांतास टणक लागते. अधिक झालें तर कढईंतच तिचे तुकडे होतात. करंजी तळतांना तेलाची उष्णता पाणी उकळण्याच्या मानाच्या, म्हणजे १०० अंशांच्या, बरीच वर असते. म्हणून पारींतील ओलाव्याची तत्काळ वाफ होते आणि ती करंजीस फुगविते. कड नीट दाबली नसेल तर तीच वाफ वाट काढते, सारण तेलांत उतरतें, आणि पुढील सर्व घाणा काळा पडतो. पदार्थांतील पाणी उडून गेल्यामुळें जंतूंस वाढावयास ओल मिळत नाहीं, म्हणून हा फराळ घट्ट झांकणाच्या डब्यांत पुष्कळ दिवस टिकतो. बुंदी लाडवास लागतें तितकेंच लक्ष पदार्थविज्ञानाच्या तासास दिलें तर कोणी नापास होणार नाहीं!

सर्वांत कसोटीचा पदार्थ अनारसा. जुना तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचा व पाणी रोज बदलावयाचें. नंतर कापडावर पसरून किंचित् ओला असतांनाच कुटून चाळावयाचा. त्यांत जवळजवळ तितकाच गूळ व थोडें तूप मिसळून गोळा कांहीं दिवस मुरवावयाचा. भिजविलेल्या तांदुळांत सूक्ष्म जीव हळूहळू आंबवण्याचें काम करितात. पिठास किंचित् आंबूसपणा येतो आणि तळतांना सुंदर जाळी पडते. अनारसा खसखशीवर थापतात, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आंचेवर तळतात आणि उलटीत नाहींत. गूळ अधिक झाला, किंवा आंच चुकली, तर तो तुपांत पसरून विरघळतो. आपल्या बायका त्यास 'अनारसा हसला' असें म्हणतात. करणारीच्या डोळ्यांत पाणी आणणाऱ्या या हसण्यास असें नांव देणारी आपली भाषा खरोखर धन्य होय.

आमच्या लहानपणीं एका नाताळांत आमच्या आईचे अनारसे असे हसले. सण दोन दिवसांवर आलेला, तूप वायां गेलेलें, आणि आई कढईपुढें सुन्न बसलेली. आमच्या धाकट्या बहिणीनें जाऊन शेजारच्या काकूंस सांगितलें. काकू ओल्या हातानेंच आल्या. त्यांनीं पिठाचा गोळा चिमटींत धरून पाहिला, "गूळ चढलाय हो, वहिनी, एवढंच," असें म्हणून घरून मूठभर तांदुळाची पिठी आणविली, ती मळून दिली, आणि पाटावर बसून पहिले चार अनारसे स्वतः तळले. त्या वर्षीं देवळांतील उपासनेनंतर पाहुण्यांनीं आमच्या घरचे अनारसे वाखाणले. ते आईचे होते कीं काकूंचे, दिवाळीचे होते कीं नाताळचे, हें आम्हांस आजही सांगतां येणार नाहीं. आणि तें ठरविण्याची गरजही कोणास वाटली नाहीं.

जे आमच्या घरीं घडलें तेंच प्रांतोप्रांतीं घडलें आहे. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांच्या अंमलाखालीं होती. तेथील ख्रिस्ती बांधव आजही आपापल्या मराठी बोलींत बोलतात आणि त्यांच्या सणाच्या जेवणांत तांदूळ व नारळ यांचेंच राज्य असतें. गोमंतकांत नारळाचा रस, तांदुळाचें पीठ आणि माडाचा काळा गूळ घोटून दोदोल करितात. एकावर एक थर भाजून बेबिंक करितात. आणि नेवऱ्या तर हिंदु घरीं चवथीस व ख्रिस्ती घरीं नाताळास, अशा दोन्हीकडे होतात. अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें अमेरिकन मराठी मिशनचें काम १८३१ मध्यें सुरू झालें. त्या बाजूच्या खेड्यांतील मंडळ्यांत नाताळचें भजन टाळ-मृदंगावर रंगतें. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं ख्रिस्तभक्तीचीं गीतें अभंग-ओव्यांच्या वळणावर रचिलीं व ख्रिस्ती कीर्तनास मान मिळवून दिला. अभंग हा आपला छंद असूं शकतो, तर करंजी ही आपली करंजी कां असूं नये?

सुटींतील मौजेविषयीं चार शब्द लिहिणें अवश्य आहे. बांबूच्या कामट्या व रंगीत कागद यांची चांदणी घरींच करावी. पंचकोन बरोबर साधला तर भूमितीचीही उजळणी होते. गोठ्याचा देखावा मांडण्याची चाल संत फ्रान्सिस यांनीं १२२३ मध्यें इटलींतील ग्रेच्चो या गांवीं खरीं जनावरें उभीं करून जो देखावा केला त्यावरून लोकप्रिय झाली. या गोठ्यासाठीं पसरट भांड्यांत माती घालून दहाबारा दिवस आधीं गहूं किंवा नाचणी पेरावी. नाताळापर्यंत हिरवें शेत तयार होतें. खेड्यांत आजोळ असेल तर पहांटे शेतावर जाऊन आगटीभोंवतीं बसावें आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेला हुरडा तळहातावर चोळून खावा. ज्वारीचा दाणा कोंवळा असतांना त्यांत साखरेचा अंश असतो, पुढें त्याचें पिठूळ सत्त्व बनतें. म्हणून हुरड्याची ती गोडी थोड्याच दिवसांची. दुपारीं आट्यापाट्या व विटीदांडू, रात्रीं गाणीं म्हणत घरोघर फेरी. एवढें असतां भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे पाहत अंथरुणांत लोळणारा विद्यार्थी सुटी घालवितो. ती उपभोगीत नाहीं.

दोन गोष्टी मात्र पालकांच्या व मुलांच्या कानावर घालणें आमचें कर्तव्य आहे. पहिली ही कीं, सणासाठीं कर्ज काढूं नये. नव्या कपड्यांसाठीं व दिव्यांच्या माळांसाठीं घेतलेले पैसे फेडतां फेडतां जून महिन्यांत मुलाच्या पुस्तकांस पैसे उरत नाहींत, असें आम्हीं एकाहून अधिक घरीं पाहिलें आहे. ज्याचा जन्म गव्हाणींत झाला त्याच्या सणास सावकाराचा हात लागूं नये. दुसरी गोष्ट अशी कीं, घरांतील सर्वांची सुटी जिच्या श्रमांवर उभी असते तिला सुटी कोण देतो? मुलगे सुटींत पतंग उडवितात आणि आई व बहीण रात्रीं बारापर्यंत घाणे काढीत बसतात, हा न्याय नव्हे. करंजीची कड दाबावयास, सोऱ्या फिरवावयास, खोबरें किसावयास व शेवटीं कढई घांसावयास मुलग्यांचे हात निरुपयोगी आहेत असें कोठेंही सिद्ध झालेलें नाहीं. वडिलांनींही पदर, म्हणजे सदऱ्याच्या बाह्या, खोंचाव्या.

आतां शेवटचें. गोमंतकांत नाताळच्या दिवसांत मिठाईचीं ताटें शेजाऱ्यांकडे पाठविण्याची चाल आहे. आपल्या देशावरही ती आहे. रुमालानें झांकलेलें ताट मुलाच्या हातीं देऊन आई बजावते कीं, नीट जा, सांडूं नकोस. दारीं आलेलें ताट रिकामें परत पाठवूं नये, म्हणून त्यांत निदान चिमूटभर साखर तरी पडतेच. दिवाळीस ताट एका दिशेनें जातें, नाताळास दुसऱ्या दिशेनें, ईदेस शिरखुर्म्याचें भांडें तिसऱ्या दारांतून येतें. ज्या आळींत अशीं ताटें फिरतात तेथें कलहास सहसा वाव मिळत नाहीं. आणि जेथें तीं फिरावयाचीं थांबलीं, तेथें प्रथम दारें लागतात व मग मनें. म्हणून आमच्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांस आमचें सांगणें आहे कीं, यंदा तुमचें ताट स्वतः घेऊन जा. आणि हिंदु व मुसलमान विद्यार्थ्यांस सांगणें कीं, तें दारांतून न घेतां त्यास घरांत बसवून घ्या. वसतिगृहांत कोणी मूल प्रवासखर्चाअभावीं मागें राहत असेल, तर त्यास आपल्या घरीं बोलवा. त्यानें सांगण्याची वाट पाहूं नका. अशीं मुलें सांगत नसतात.

आठवीच्या वर्गांतील त्या आमच्या विद्यार्थ्यास (आतां तो नववींत आहे) राहिलेलें उत्तर असें आहे. बाळा, बेथलेहेम या हिब्रू नांवाचा अर्थ 'भाकरीचें घर' असा आहे. तेथें केक नव्हता आणि करंजीही नव्हती. ज्या देशांत हा सण गेला त्या देशानें आपल्या घरची भाकर त्याच्यापुढें ठेविली, आणि ती त्यानें आपली मानली. तुझ्या आईनें यंदा केलेली करंजी ही ती भाकर आहे. ती नक्कल नव्हे. तुझ्या सोबत्यांस ती दे, आणि त्यांच्या आईच्या करंजीस जशी चव आहे तशीच हिलाही आहे कीं नाहीं, हें त्यांसच विचार.

सर्व विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस ही सुटी सुखाची, आरोग्याची व सलोख्याची जावो, आणि जानेवारींत शाळा उघडेल त्या दिवशीं सर्व बाकें पुन्हां भरलेलीं दिसोत, अशी आम्ही प्रभूपाशीं प्रार्थना करितों.