सोडतीचा आकडा येतो कुठून?

शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के जागांची ऑनलाइन सोडत निघाली की वस्तीतले पालक विचारतात, "हे खरंच चिठ्ठी काढल्यासारखं असतं का?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी संगणक आकडा कसा काढतो, ते समजून घेऊ.

संगणक स्वतःहून फासा टाकत नाही. तो सुरुवातीची एक संख्या घेतो आणि ठरलेल्या सूत्राने पुढचे आकडे काढतो. ती संख्या आणि सूत्र ज्याला ठाऊक, त्याला सगळे आकडे ठाऊक. अमेरिकेत एका लॉटरी संघटनेचा माहिती-सुरक्षा अधिकारी एडी टिप्टन याने प्रोग्रॅममध्येच गुपचूप बदल केला. त्यामुळे वर्षातल्या ठरावीक दिवशी कोणते आकडे येऊ शकतात, हे त्याला आधीच कळे. २०१० मधल्या १ कोटी ६५ लाख डॉलरच्या बक्षिसामुळे प्रकरण उघडकीस आले. २०१७ मध्ये त्याला २५ वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा झाली.

यावर एक उपाय प्रकाशात आहे. एलईडी दिवा एकसारखा जळताना दिसतो, पण त्यातून प्रकाशकण एकसारखे निघत नाहीत. एका क्षणात सरासरी १०,००० कण कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडत असतील, तर दर वेळी मोजणीत साधारण शंभरेक कमी-जास्त होतात. हा चढउतार म्हणजे प्रकाशाचा 'गोंगाट'. तो कोणत्याही सूत्राने आधी सांगता येत नाही. निसर्गाचा स्वभावच तसा आहे. सेन्सरच्या स्वतःच्या चुका गणिताने गाळल्या की खरे यादृच्छिक, म्हणजे कोणालाही आधी न कळणारे आकडे मिळतात. २०१४ मध्ये जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी हे साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्याने करून दाखवले. २०२० मध्ये दक्षिण कोरियात अशी चिप बसवलेला फोन बाजारातही आला.

पण मित्रांनो, यंत्र प्रामाणिक असले म्हणजे सोडत प्रामाणिक झाली, असे नाही. यादीतून नावच गळाले तर प्रकाश काय करणार? म्हणून कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात. सोडतीआधी अंतिम यादी जाहीर झाली का? सुरुवातीची संख्या कुठून आली? तीच संख्या आणि यादी घेऊन निकाल कोणालाही पडताळता येतो का?

कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. संगणकाच्या पडद्यावरच्या निकालालाही तोच नियम लावूया.

जय भीम!