तारेवरून चालणारी अक्षरे

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावाहून तारेच्या फोनवरून बीडला बोलायचे, तर तारेतून जातो तो आवाज. तोही सेकंदाला ३०० ते ३४०० कंपनांमधलाच. अक्षरे धाडायची तर त्यांचेही सूर करावे लागतात. हे काम मोडेमचे. १५ ऑगस्ट १९९५ला आपल्याकडे इंटरनेट लोकांना खुले झाले, ते याच किरकिऱ्या यंत्रावरून.

पुढे मोडेमचे बरेचसे काम संगणकाच्या आज्ञावलीकडे आले. पण कंपन्या ती कुलपात ठेवीत. फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी २०००च्या सुमारास ‘लिनमोडेम’ लिहिला, आणि त्यातली ओळन् ओळ सर्वांना वाचायला दिली.

गुरुजी, वर्गात हे करून पाहता येईल बरं का. ‘व्ही. २१’ या जुन्या पद्धतीत फोन लावणारा ‘एक’साठी ९८० कंपनांचा सूर काढतो, ‘शून्या’साठी ११८०चा, सेकंदाला असे ३०० सूर. संगणकाने सेकंदाला ८००० वेळा आवाज मोजला, तरी एका सुराला जेमतेम २६-२७ मापे येतात. तेवढ्यावरून कोणत्या सुराचा जोर अधिक, ते ठरवायचे.

खरी गोम तपासणीत आहे. आपणच बोलायचे नि आपणच ऐकायचे, तर मोडेम पास होणारच! दोन्हीकडे सूर उलटे धरले असले तरी चूक दिसत नाही. म्हणून आवाजात खरखर मिसळा, तो बारीक करा, आणि दुसऱ्याने लिहिलेल्या मोडेमला ऐकवा. मोबाइलवरून मात्र नको. तो आवाज दाबून पाठवतो, माणसाचे बोलणे कळते, पण हे सूर बिघडतात.