सावकाशीची गावं

तालुक्याचं गाव म्हटलं की आमच्या लेखण्यांना एसटी स्टँड, चहाची टपरी आणि पारावरच्या गप्पाच सुचतात. तिथं माणसं रिकामटेकडी असतात, हे शहरी वाचकानंही केव्हाच ठरवून टाकलंय. प्रत्यक्षात महाराष्ट्रातली काही फार वेळखाऊ कामं याच गावांनी अंगावर घेतली.

येवल्याचंच बघा. नाशिक जिल्ह्यातलं, दौंड-मनमाड लोहमार्गावरचं हे गाव. तात्या टोपे मूळचे इथले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तीही इथेच. रस्त्यावरच्या पाट्या मात्र पैठणीच्या. शिर्डीच्या वाटेवरच्या गाड्या दुकानांपुढे थांबतात. विणकर असतो आतल्या गल्लीत, राहत्या घरातल्या मागावर. पदरावरचा मोर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी लागते. ताण्याच्या मोजक्या धाग्यांतून ती हातानं काढायची, शेजारच्या रंगात अडकवायची, मग फणी ठोकायची. झाली एक ओळ. अशा ओळींवर ओळी चढतात तेव्हा कुठे मोराची मान वर येते. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा पदर मागूनही पुढच्याइतकाच नेटका असतो, सुटे धागे लोंबत नाहीत. म्हणून जाणती बाई दुकानात आधी पदर उलटा करते आणि मगच भाव विचारते. नक्षी भरगच्च असेल तर एका साडीला महिने लागतात. रेशीम उकलणं, कांड्या भरणं ही कामं बहुधा घरातल्या बायका करतात आणि त्यांची मजुरी कुठल्याच हिशोबात धरली जात नाही. लहान गावात वेळ स्वस्त असतो, असं आपण कौतुकानं म्हणतो. तो कुणीतरी पदरचा घालत असतो, हे सोयीनं विसरतो. (संक्रांतीला मात्र येवल्यात माग थांबतात. तीन दिवस अख्खं गाव पतंग आणि आसारी घेऊन गच्चीवर. त्या तीन दिवसांत साडी मागायला जाऊ नये.)

मिरज आता महापालिकेत मोडते, पण सतारमेकरांच्या गल्लीनं गावपण सोडलेलं नाही. हे मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. संस्थानी तलवारींचे दिवस सरले आणि एकोणिसाव्या शतकात ते तंतुवाद्यांकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा मोठा कडू भोपळा वाळवून त्याचा तुंबा करायचा, त्यावर दांडी बसवायची, आणि शेवटी जवारी. घोडीचा माथा कानसेनं किंचित घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. याला माप नाही, कानच हवा. गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाल्यावर अशा कानांना गिऱ्हाईक घरबसल्या मिळालं. २०२४ मध्ये इथल्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण तोवर रियाजाच्या खोलीत मोबाइलमधला तानपुरा येऊन बसला होता.

वाईचं काम आणखी लांबलं. मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईचे, म्हणून त्याचं कार्यालयही मुंबईत न थाटता कृष्णाकाठी आलं. पहिला खंड १९७६ चा, विसावा २०१५ चा. तर्कतीर्थ १९९४ मध्येच गेले. उशिरावर टीका झाली, ती रास्तही होती. तरी मला वाटतं, राजधानीत हा प्रकल्प मधेच कुठल्यातरी फायलीत गुदमरला असता.

बार्शीनं तर सावकाशी रुळांवर घातली. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून अडीच फुटी रुळांवरची बार्शी लाइट रेल्वे निघाली, पुढे लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. आता तिथं ब्रॉडगेज आहे आणि पुणं जवळ आलंय.

पुणं जवळ आल्याचा परिणाम सगळ्याच गावांत दिसतो. तिकडच्या गोदामातल्या नोकरीत पोराला ठरल्या तारखेला पगार मिळतो. मागावर मात्र साडी उतरेपर्यंत अनेकांना व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागते आणि ती फिटायच्या आत पुढच्या साडीवर नवी चढते.