परसातील टोमॅटो आणि पाव चमचा लिंबूसत्त्व

माघ-फाल्गुनाच्या सुमारास अमरावती-अकोल्याकडील परसांत टोमॅटोच्या झाडांस असा बहर येतो की, सार, चटणी व कोशिंबीर रोज करूनही, शेजारीपाजारी वाटूनही टोपली भरलेलीच राहते. पुढे वैशाखाच्या उन्हात तीच झाडे करपून जातात. ह्या दोन काळांतील अंतर भरून काढण्यासाठी टोमॅटो काचेच्या बरणीत हवाबंद करण्याची हौस काही घरांत आमच्या पाहण्यात आली आहे. हौस स्तुत्य आहे. परंतु ज्या घरी लोणची-मुरंबे उत्तम साधतात, तेथेच एक गैरसमज आढळतो, तो हा की, ज्या हाताचे लोणचे वर्षभर टिकते त्या हातास टोमॅटोचे काय अवघड!

लोणचे टिकते ते मीठ व आंबटपणा ह्यांच्या बळावर, आणि मुरंबा साखरेच्या. हवाबंद टोमॅटोत ह्यांपैकी पुरेसे असे काहीच नसते. तेथे उष्णता आणि आम्ल हे दोनच रक्षक. फ्रान्समध्ये निकोला अपेर नामक एका हलवायाने अन्न बाटलीत बंद करून उकळण्याची युक्ती काढली व १८१० साली सरकारकडून १२,००० फ्रँकांचे बक्षीस मिळविले. परंतु अन्न का टिकते ह्याचे कारण त्यास ठाऊक नव्हते. ते पुढे पाश्चरच्या संशोधनाने उलगडले.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा एक जंतू मातीत असतो. त्याचे बीजाणू नुसत्या उकळत्या पाण्याने मरत नाहीत. जेथे हवा नाही आणि आम्ल थोडे, तेथे ते रुजतात व विष निर्माण करतात. त्या विषाने स्नायू लुळे पडतात, श्वास घेणेही अशक्य होते. आणि पदार्थाचा वास अथवा चव बदललेली असेलच असे नाही. आम्लता मोजण्याच्या मापास सामू म्हणतात, सामू ४.६ च्या खाली असला म्हणजे हा जंतू वाढत नाही. टोमॅटो ह्या सीमेच्या अगदी काठावर बसलेला आहे. काही वाण व अति पिकलेली फळे सीमा ओलांडतात, आणि जिभेस ते कळत नाही. (आयुर्वेदाच्या जुन्या निघंटूंत ह्या फळाचे गुणदोष शोधण्यात अर्थ नाही, ते अमेरिका खंडातून आलेले असून त्याचे नावही मेक्सिकोच्या जुन्या भाषेतील आहे.)

म्हणून साडेचारशे मिलिलिटरपर्यंतच्या प्रत्येक बरणीत सपाट पाव चहाचमचा लिंबूसत्त्व घातलेच पाहिजे. ताज्या लिंबाच्या रसावर भिस्त ठेवू नये, कारण त्याची आम्लता फळागणिक बदलते. आंबट वाटल्यास साखर घालावी. लिंबूसत्त्व कमी करू नये.

फळे पक्व पण घट्ट निवडावी. फुटलेली, डागाळलेली, तसेच वाळून मेलेल्या वेलीवरची फळे त्याच दिवशीच्या सारास द्यावी, बरणीस नव्हे. स्वच्छ धुऊन उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट, साल तडकेपर्यंत, सोडावी. लगेच थंड पाण्यात काढावी, म्हणजे साल हाताने सुटते. देठाकडील कठीण भाग काढून चार फोडी कराव्या. प्रथम थोड्या फोडी पातेल्यात ठेचून उकळाव्या, मग उरलेल्या हळूहळू घालून पाच मिनिटे उकळू द्याव्या. पातेले स्टीलचे असावे. तांब्या-पितळेचे ह्या कामी नको. कांदा, लसूण, मिरची अथवा तेल ह्यांपैकी काहीही आत घालू नये. हे सोवळ्याचे बंधन नव्हे. त्यांनी आम्लतेचा हिशेब बिघडतो. फोडणी बरणी उघडल्यावर द्यावी.

कढत फोडी कढत बरणीत अर्धा इंच जागा ठेवून भराव्या, काठ पुसावा व दोन भागांचे नवे झाकण लावावे. जुन्या जॅमच्या बाटलीचे झाकण पुन्हा वापरणे ही खोटी काटकसर होय. मोठ्या भांड्यात तळाशी फडके घालून बरण्या ठेवाव्या. पाणी झाकणाच्या वर इंचभर असावे. पाण्यास पुन्हा खळखळून उकळी आली म्हणजे वेळ मोजू लागावे. हजार फुटांपेक्षा कमी उंचीवर ३५ मिनिटे पुरतात. परंतु अमरावती हजार फुटांहून उंच आहे व अकोला त्याच्या आसपास. तेव्हा दोन्हीकडे ४० मिनिटेच धरावी. चिखलदरा तर साडेतीन हजार फुटांच्याही वर. तेथे पाणी कमी उष्णतेवर उकळते, म्हणून ४५. रोजच्या शिट्टीच्या कुकराने हा वेळ वाचवू पाहू नये. दुसऱ्या दिवशी झाकणाचा मध्यभाग खाली दबलेला असला पाहिजे. नसेल ती बरणी शीतकपाटात ठेवून लवकर संपवावी. पुढे कधी फुगलेली अथवा गळती बरणी आढळली, तर चाखून न पाहता टाकावी.

आता वऱ्हाडची खास अडचण. अशा बरण्या ३५ अंशांहून अधिक उष्णतेत ठेवू नयेत, आणि अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. स्वयंपाकघराच्या फळीवर, गच्चीखालच्या माळ्यावर त्या नकोतच. जुन्या वाड्यातील जाड मातीच्या भिंतींची काळोखी खोली असल्यास पारा लावून आधी पाहावे. तशी जागा नसेल तर थोड्याच बरण्या भरून त्या ऊन तापण्यापूर्वी संपवाव्या, आणि उरलेल्या टोमॅटोच्या पातळ चकत्या मीठ लावून, मलमलीखाली, त्याच उन्हात कडकडीत वाळवाव्या.